मोबाइलचा दाखला देऊन प्रार्थना शिकवायची असेल तर

प्रार्थना म्हणजे देवाला कॉल, पाप म्हणजे ‘नो नेटवर्क’, रविवारची उपासना म्हणजे चार्जिंग. मुंबईत पॅरिशचा (कॅथलिक चर्चच्या स्थानिक विभागाचा) धर्मशिक्षणाचा वर्ग असो की मराठी मंडळीची संडे स्कूल, हे दाखले सगळीकडे ऐकू येतात. मुलं हसतात, तास निघून जातो. पण त्याच वर्गात फोन आतून कसा चालतो हे शिक्षकापेक्षा जास्त कळणारा एखादा मुलगा असतो, आणि गेल्याच महिन्यात आजी गेलेली एखादी मुलगीही असते. या दोघांसमोर असे दाखले टिकत नाहीत.

पुढची तयारी सातवीच्या पुढच्या मुलांसाठी, अर्ध्या तासाच्या वर्गाची आहे. त्याहून लहान मुलांना हा विषय नको. ती दाखला शब्दशः घेतात आणि घरी जाऊन देवाचा नंबर मागतात.

तयारीला बसताना फोन बाजूला ठेवा आणि शिकवायचं ते एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ, ‘देव ऐकतो, पण उत्तर आपल्या घड्याळाप्रमाणे येत नाही.’ मग वचन निवडा आणि फोनमधली गोष्ट सर्वांत शेवटी. उलट केलं की काय होतं हे यिर्मया ३३:३ वरून दिसतं. ‘मला हाक मार म्हणजे मी उत्तर देईन’ या अर्थाचं ते वचन, म्हणून ‘देवाचा फोन नंबर ३३३’ हा विनोद वर्षानुवर्षं चालतो. मुलांना नंबर पाठ होतो. पण संदेष्टा यिर्मया तेव्हा पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत होता आणि यरुशलेमला वेढा पडला होता, हे त्यांना कुणी सांगत नाही. वचनाचा सगळा जोर तर त्यातच आहे.

वरच्या वाक्यासाठी व्हॉट्सॲपच्या टिका (मेसेजखालच्या ✓ अशा खुणा) चांगल्या चालतात, कारण प्रयोग वर्गातच करून दाखवता येतो. दोन फोन घ्या. एक फ्लाइट मोडवर टाका आणि दुसऱ्यावरून त्याला मेसेज पाठवा. एकच करडी टिक येईल: मेसेज सर्व्हरवर पोचला, समोरच्या फोनवर नाही. आता फ्लाइट मोड काढा. काही सेकंदांत दुसरी टिक येते आणि चॅट उघडलं की दोन्ही निळ्या होतात.

प्रयोग फसतो तो ठरलेल्या कारणांनी. बऱ्याच फोनवर फ्लाइट मोडमध्येही वायफाय चालू राहू शकतं, ते हाताने बंद करा. त्या फोनचं व्हॉट्सॲप लॅपटॉपला जोडलेलं असेल तर मेसेज तिथे पोचतो आणि दुसरी टिक लगेच येते, म्हणून आधी लॅपटॉपवरून लॉग आउट करा. निळी टिक येतच नसेल तर दोघांपैकी कुणीतरी रीड रिसीट (वाचल्याची खूण) बंद ठेवली असेल. आणि प्रयोग ग्रुपवर करू नका, तिथे सगळ्यांना मेसेज पोचल्याशिवाय दुसरी टिक येत नाही. याला पाच मिनिटं पुरतात. त्याहून लांबलं तर वर्ग व्हॉट्सॲपचा होतो.

मग लगेच दानीएलचा दहावा अध्याय उघडा. दानीएल तीन आठवडे शोक आणि प्रार्थना करत राहिला. देवदूत आल्यावर म्हणतो की पहिल्याच दिवशी तुझे शब्द ऐकले गेले, पण मला २१ दिवस अडवलं गेलं (दानीएल १०:१२-१३). ऐकलं जाणं वेगळं आणि उत्तर हाती पडणं वेगळं, हा फरक आता मुलांच्या डोळ्यांसमोर असतो. तेराव्या ओवीतला ‘पारसाच्या राज्याचा अधिपती’ कोण, हा प्रश्न नक्की येणार. त्याला एक मिनिट द्या, जास्त नाही.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात: दाखला कुठे मोडतो ते आपणहून सांगणं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या जगात निळी टिक येऊनही उत्तर न येणं म्हणजे मुद्दाम दुर्लक्ष. तुम्ही विषय काढला नाहीत तरी त्यांच्या मनात ‘देवानं सीन करून सोडलं’ हे येणारच. शिवाय न पोचलेला मेसेज व्हॉट्सॲप ३० दिवसांनी सर्व्हरवरून काढून टाकतं. प्रार्थनेला अशी मुदत आहे का, असं एखादा विचारेलच.

अशा वेळी येशूनं स्वतः दाखला कसा वापरला ते दाखवा. लूक १८ मधली विधवा अन्यायी न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाते. देव त्या न्यायाधीशासारखा आहे असं येशू म्हणत नाही. असला माणूसही शेवटी ऐकतो, मग देव का ऐकणार नाही, असा तो युक्तिवाद आहे. म्हणजे तो दाखला चालतो तोच फरकावर. मासा मागणाऱ्या मुलाला बाप साप देईल का, हेही (लूक ११:११-१३) त्याच चालीचं. तुमचा मोबाइलही त्याच कामाला लावा: फळ्यावर डाव्या बाजूला ‘जुळतं’, उजव्या बाजूला ‘जुळत नाही’ असं लिहा आणि उजवी बाजू मुलांकडून भरून घ्या. ती यादी लांबली तर चांगलंच.

उजव्या बाजूसाठी मुंबईतलं हाताशी असलेलं उदाहरण म्हणजे माहीमच्या सेंट मायकल चर्चमधला बुधवारचा नोव्हेना (ठरलेल्या प्रार्थनांची भक्ती), १९४८ पासून चालत आलेला. किंवा सप्टेंबरातली वांद्र्याची मोतमाउलीची जत्रा. अशा गर्दीत फोनवर सगळ्या दांड्या असतात तरी फोटो जात नाही. दांड्या फक्त टॉवरचा सिग्नल किती जोरात येतोय ते सांगतात. टॉवरची क्षमता मात्र त्या वेळी जोडलेल्या सगळ्या फोनमध्ये वाटली जाते. प्रार्थनेत असा वाटा पडत नाही. शेजारच्या बाईनं कर्करोगासाठी मेणबत्ती लावली म्हणून तुमच्या परीक्षेची विनंती रांगेत मागे जात नाही. ‘माझं मागणं फार लहान आहे’ असं वाटणाऱ्या मुलांसाठी एवढं पुरतं.

काही दाखले मुळातच टाकून द्यावेत. ‘देव जीपीएससारखा वरून बघतो’ हा त्यातला पहिला. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळ आणि स्वतःची जागा प्रसारित करत राहतात. फोन किमान चार उपग्रहांचं ऐकून आपलं ठिकाण स्वतःच काढतो. तुमचा फोन आहे हे उपग्रहाला ठाऊकही नसतं. देव मला पूर्ण ओळखतो असं म्हणणारं स्तोत्र १३९ शिकवायला निघालात आणि नेमकं त्याच्या उलट शिकवून आलात, असं होतं. चार्जिंगचा दाखलाही तसाच. चार्ज झाला की फोन काढून घेतात, योहान १५ मध्ये येशू वेल आहे, आणि फाटा मात्र वेलातच राहतो.

‘पाप म्हणजे नो नेटवर्क’ याबाबत सर्वांत जास्त जपा. यशया ५९:२ मध्ये पापामुळे देव आणि लोक यांत आडकाठी येते असं आहे, हे खरं. पण तिथे ते हात रक्तानं माखलेल्या समाजाला सुनावलेलं आहे. आजीसाठी प्रार्थना करूनही ती गेली, त्या मुलीला यातून एवढंच ऐकू येतं की तुझ्यात काहीतरी खोट होती. तिच्यासाठी येशूच्या अटकेच्या रात्रीची गेथशेमाने बाग घ्या: दुःखाचा प्याला दूर कर अशी विनंती येशूनं केली आणि प्याला दूर झाला नाही (लूक २२:४२). प्रेषित पौलाला छळणारा ‘शरीरातला काटा’ही तीनदा विनवणी करून निघाला नाही (२ करिंथ १२:८-९). इथे मोबाइल आणूच नका.

ऐकण्यावर वर्ग घ्यायचा असेल तर पेजिंग, म्हणजे नेटवर्कनं फोनला दिलेली हाक, घ्या, फार कमी जणांना सुचतं. खिशातला फोन झोपलेला दिसतो, पण साधारण सेकंद-दोन सेकंदांनी क्षणभर जागा होऊन आपल्याला हाक आली का ते ऐकतो. नेटवर्कला तो नेमका कुठल्या टॉवरखाली आहे हे माहीत नसतं, म्हणून त्या भागातल्या अनेक टॉवरवरून हाक दिली जाते. जोडीला १ शमुवेल ३. तीनदा हाक आली आणि तीनदा शमुवेल एलीकडे धावला. हाक कुणाची हे ओळखायला त्याला एलीची, म्हणजे जाणत्या माणसाची, मदत लागली. मोडतं कुठे? देवाला शमुवेल शोधावा लागला नाही, त्यानं नावानं हाक मारली.

शेवटी प्रश्नांना दहा मिनिटं ठेवा. दोन हमखास येतात. मोबाइलवर मिस्सा (चर्चमधली कॅथलिक उपासना) पाहिली तर चालते का? कॅथलिक वर्गात उत्तर सरळ आहे: इंटरनेटवर संस्कार (चर्चचे पवित्र विधी) नाहीत, हे व्हॅटिकननं २००२ च्या दस्तऐवजातच सांगितलंय. अंथरुणाला खिळलेल्यानं ती भक्तीसाठी पाहावी आणि पॅरिशला कळवून कम्युनियन (पवित्र भाकर) घरी मागवावं. दुसरा प्रश्न, चॅटबॉटकडून प्रार्थना लिहून घेतली तर? शब्द दुसऱ्याचे आहेत हा आक्षेप घेऊ नका, छापील प्रार्थना आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलोय. चॅटबॉट पुढचा संभाव्य शब्द जुळवतो, त्याला मागायचं काही नसतं. मुलांना तो मजकूर छापून द्या, आपल्याला लागू नसलेली वाक्यं खोडायला सांगा आणि स्वतःची एक खरी गरज हाताने लिहायला लावा. रोमकरांस ८:२६ इथे वाचता येतं, शब्दच सुचत नाहीत तेव्हाचं. आणि हे बजावा: धर्मगुरूपुढच्या कबुलीजबाबातल्या गोष्टी किंवा शेजाऱ्याचं आजारपण चॅटबॉटमध्ये टाइप करायचं नाही, ते कंपनीच्या सर्व्हरवर जातं.

वर्गाच्या टिपणावर तारीख घाला. ॲपची वागणूक बदलत राहते, म्हणून जूनमध्ये वर्ग सुरू होण्याआधी टिकांचा प्रयोग घरी एकदा करून बघा आणि जे बदललं असेल ते टिपणात लाल पेनानं दुरुस्त करा.