मायोर्काचा १५० किलोमीटरचा डोंगरी फेरा: तयारीची यादी

स्पेनच्या मायोर्का बेटावर सेर्रा दे त्रामुंताना ही डोंगररांग वायव्य किनाऱ्याला अगदी चिकटून जाते. २०११ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. रोड सायकलवाल्यांना मात्र ती ओळखीची आहे ती घाटांमुळे. तिथला सगळ्यात भरगच्च फेरा असा: पोर्ट दे पोयेन्साहून निघून कोल दे फेमेनिया (कोल म्हणजे खिंड) चढायचा, ल्युकच्या मठावरून पुढे जाऊन सा कालोब्राला थेट समुद्रापर्यंत उतरायचं, त्याच रस्त्याने परत वर यायचं, पुच माजोर शिखराजवळच्या बोगद्यातून सोय्येर गाठायचं, कोल दे सोय्येर ओलांडून बुन्योला आणि मग इंका गावाच्या बाजूने सपाटीवरून परत. अंतर साधारण १५० किलोमीटर, एकूण चढ अडीच हजार मीटरच्या वर.

यादीच्या डोक्यावर एक वेळ लिहा: सा कालोब्राच्या फाट्यावर सकाळी दहा. हा रस्ता १९३२ साली अंतोनियो पारिएत्ती या अभियंत्याने बांधून पूर्ण केला आणि तो समुद्राशी जाऊन संपतो. फाट्यापासून थोडं चढून पावणेसातशे मीटरच्या आसपास खिंड लागते, तिथून साडेनऊ किलोमीटर नुसता उतार. एका ठिकाणी तर रस्ता गोल फिरून स्वतःच्याच खालून निघतो. उतरलात की तेवढंच, सरासरी सात टक्क्यांनी, चढून यावं लागतं, दुसरी वाट नाही. त्यात दिवस वर आला की पर्यटकांच्या बसगाड्या याच अरुंद वळणांवर सुरू होतात. म्हणून दहापर्यंत फाट्यावर पोचलात तर खाली उतरा. उशीर झाला असेल, मांड्या भरून आल्या असतील किंवा ढग उतरले असतील तर सरळ पुढे निघा. पंचवीसेक किलोमीटर आणि दिवसातला सगळ्यात कष्टाचा चढ वाचतो, फेरा मात्र मोडत नाही. हा निर्णय आदल्या रात्री सगळ्या सोबत्यांनी मिळून घेऊन ठेवावा. फाट्यावर उभं राहून घेतलेला निर्णय नेहमी उत्साहाच्या बाजूने झुकतो.

महिना निवडताना एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरची सुरुवात बघा. जुलै-ऑगस्टचं ऊन या रस्त्यावर नकोच. एप्रिलच्या मध्यात सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सकाळी साडेसातला निघालात तरी हाताशी भरपूर उजेड असतो. ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे गेली की सहाच्या आत अंधारतं, तेव्हा हा पूर्ण फेरा ठरवू नका.

भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा लागणार, मग तुम्ही पुण्यात राहा नाहीतर लंडनमध्ये. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवास विमा सक्तीचा आहे. त्या पॉलिसीत सायकलिंगचा अपघात धरलाय का, हे विमा घेताना वाचून घ्या. स्पेनमध्ये शहराबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे आणि सायकल चालवताना एका कानातसुद्धा इयरफोन चालत नाही. मदतीसाठी ११२.

सायकल इथून न्यायची की तिथे भाड्याने घ्यायची? माझं मत भाड्याच्या बाजूने. खोक्यात सायकल बांधणं, मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) जपणं, विमान कंपनीचं वेगळं भाडं, हा सगळा व्याप एका आठवड्यासाठी करण्याइतका नाही. एप्रिलमध्ये चांगल्या सायकली लवकर संपतात, म्हणून दोन-तीन महिने आधी नोंदवा आणि सोबत आपलं सीटच्या उंचीचं माप कळवा. स्वतःची पेडल्स, बूट आणि जमल्यास सीट मात्र घेऊन जा. गिअर मागताना संकोच नको: पुढे ५० आणि ३४ दातांची दोन चक्रं, मागे सगळ्यात मोठं चक्र ३२ किंवा ३४ दातांचं, टायर २८ मिलिमीटरचे आणि डिस्क ब्रेक.

आता ब्रेक. या गोष्टीकडे जितकं लक्ष द्यायला हवं तितकं दिलं जात नाही. आपल्याकडे बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तिथे तो डाव्या हाताला. सपाटीवर फरक जाणवत नाही. पण ओल्या वळणावर दचकून डावा हात आवळला गेला तर मागचा ब्रेक समजून तुम्ही पुढचं चाक धरता, आणि तिथेच पडता. दुकानदाराला केबल अदलाबदल करून मागा. ते जमत नसेल तर पहिला अख्खा दिवस सपाटीवर घालवून हात बसवा. वाहतूकही उजवीकडून. आपल्या घाटात डावीकडचं हेअरपिन आतलं आणि आवळलेलं असतं, तिथे उजवीकडचं. सगळ्यात धोक्याची वेळ असते ती फोटोसाठी थांबून पुन्हा निघताना, कारण रिकाम्या रस्त्यावर शरीर आपोआप डावीकडे वळतं. गटात असाल तर प्रत्येक थांब्यानंतर पुढच्याने ‘उजवीकडे’ म्हणून मोठ्याने ओरडावं. रस्त्यात बकऱ्या येतात, त्यांचाही हिशेब उतारावर ठेवा.

सराव इथल्या घाटांतच होतो. पुणेकरांना सिंहगड, साताऱ्याला यवतेश्वर, मुंबई-नाशिककरांना कसारा. पण ताज्या पायांनी गड चढण्याचा इथे फारसा उपयोग नाही. आधी ८० किलोमीटर चालवा, मग सिंहगड चढा, थोडं खा, आणि पुन्हा चढा. सा कालोब्रातून वर आल्यावर पुच माजोर आणि मग कोल दे सोय्येर समोर उभे राहतात, तेव्हा हाच सराव कामी येतो. प्रत्येक तासाला साठ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात जातील अशी सवयही याच राइडवर लावा.

खाण्यापिण्याचे थांबे नकाशावर आधीच टिपा. ल्युकच्या वर कोल दे सा बतायाला पेट्रोल पंपाशेजारचं कॅफे म्हणजे सायकलवाल्यांचा नाकाच. पुढे सा कालोब्राच्या तळाशी दुकानं आहेत. तिथे पाऊण लिटरच्या दोन्ही बाटल्या काठोकाठ भरा, कारण वर आल्यावर सोय्येरच्या खोऱ्यापर्यंत मोठं गाव नाही. शाकाहारी असाल तर टोमॅटो चोळलेला, ऑलिव्ह तेल घातलेला पाव चीजसोबत जवळपास कुठेही मिळतो. घरून शेंगदाण्याची चिक्की आणि खजूर न्या. पेढे नकोत, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत.

खिशात दोन ट्यूब, टायर लीव्हर, मल्टीटूल, छोटा पंप. टायर भरायचं गॅसचं काडतूस विमानात अडतं, पंपच बरा. पुढचा-मागचा दिवा हवाच. पुच माजोरचा बोगदा साडेआठशे मीटर उंचीच्या आसपास आहे. आतला अंधार आणि ओल यांची तयारी ठेवा, आणि बोगद्याच्या तोंडाशी थांबून विंडशीटर चढवा, कारण पलीकडे चौदा किलोमीटरचा गार उतार आहे. सोय्येरहून पुढे निघताना नकाशा नीट बघा: मुख्य रस्त्याच्या बोगद्यात सायकलला बंदी आहे, जुना घाटरस्ताच धरायचा. मार्ग फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या.

बुन्योलानंतर शेवटचे पन्नासेक किलोमीटर कागदावर सपाट दिसतात, पण दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा पोयेन्साकडे जाताना बरेचदा तोंडावर बसतो. एक एनर्जी जेल आणि अर्धी बाटली पाणी त्यासाठीच बाजूला काढा, आणि आळीपाळीने पुढे राहायचं हे सोबत्यांशी बोलून ठेवा. स्पेनमधली स्वयंपाकघरं संध्याकाळी आठच्या आधी क्वचितच उघडतात आणि रविवारी बरीच दुकानं बंद असतात. त्यामुळे आदल्या दिवशीच सुपरमार्केटातून दही, केळी आणि तयार भाताचे डबे आणून खोलीतल्या फ्रिजमध्ये ठेवा.