स्वतःच्या कंपनीतून पगार घेताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एकट्याच्या नावावरचा धंदा वाढला की मालक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढतात, पण पैसे उचलण्याची सवय जुनीच राहते. सगळे शेअर्स घरातल्यांचेच असले तरी कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती असते आणि तिच्या खात्यातली रक्कम संचालकाची नसते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे वर्षभर उचल करून मार्चअखेरीस तिला पगार म्हणणे. समजा, एका मशीन शॉपच्या संचालकाच्या घराचा हप्ता, मुलांची फी आणि किराणा कंपनीच्याच खात्यातून गेला, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या नावे नऊ लाख येणे दिसू लागले आणि वर्ष संपताना एका जर्नल एंट्रीने, म्हणजे केवळ हिशेबातल्या नोंदीने, ते पगारखर्चात टाकले. त्यामागे ठराव नाही, दरमहा टीडीएस (पगार देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर) कापलेला नाही. अशी उचल आयकर विभाग कर्ज समजू शकतो. आणि संचालकाकडे 10 टक्के किंवा अधिक मताधिकार असेल, तर कंपनीकडे साठलेल्या नफ्याच्या मर्यादेपर्यंत ती रक्कम लाभांश धरून त्याच्यावर कर बसतो. पैसे मागाहून परत भरले तरी ही आकारणी टळत नाही, आणि कंपनीला तो खर्च म्हणूनही दाखवता येत नाही.

हे घडून गेले असेल, तर आधी खतावणी तपासावी. सुरुवातीला तुम्ही कंपनीला पैसे दिले असतील, तर तेवढ्यापुरती उचल ही तुमच्याच कर्जाची परतफेड ठरते आणि ते उत्पन्न नव्हे. उरलेल्या रकमेसाठी मागच्या तारखेचा ठराव लिहिण्याचा मोह कटाक्षाने टाळावा आणि सीएंना संपूर्ण खाते दाखवावे.

पगार सुरू करण्यापूर्वी संचालक मंडळाचा ठराव आणि नेमणूकपत्र करावे, पगार दरमहा बँकेतून द्यावा आणि टीडीएस पुढील महिन्याच्या 7 तारखेपर्यंत, मार्चचा मात्र 30 एप्रिलपर्यंत, भरावा. व्यवसाय करही विसरू नये. नोकरीचे नाते कागदावर नसेल आणि रक्कम नुसती ‘मानधन’ म्हणून दिली, तर तिच्यावर 10 टक्के टीडीएस लागतोच, शिवाय कंपनीला रिव्हर्स चार्जने, म्हणजे सेवा देणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरण्याच्या नियमाने, 18 टक्के जीएसटी भरावा लागतो. पगार म्हणून टीडीएस कापलेल्या रकमेवर जीएसटी नाही, हे जून 2020 च्या परिपत्रकाने स्पष्ट केले आहे.

कर वाचेल म्हणून पगाराऐवजी केवळ लाभांश घेणेही बहुधा फायद्याचे नसते. 22 टक्के सवलतीच्या आयकर दराचा पर्याय घेतलेली कंपनी अधिभार व उपकरासह 25.17 टक्के कर भरते आणि उरलेल्या नफ्यातून दिलेल्या लाभांशावर 2020 पासून भागधारकाला पुन्हा कर द्यावा लागतो. पगार मात्र कंपनीचा खर्च असतो आणि नव्या करप्रणालीत त्यावर 75,000 रुपयांची प्रमाणित वजावटही मिळते.

पब्लिक कंपन्यांना असलेली नफ्याच्या 11 टक्क्यांची मर्यादा प्रायव्हेट कंपनीला लागू नाही. तरीही पत्नीच्या नावे मोठा पगार दाखवायचा असेल, तर ती खरेदी, हिशेब किंवा डिस्पॅच यांपैकी काय पाहते, हे कागदोपत्री दाखवता आले पाहिजे. कामाच्या मानाने जास्त ठरलेला पगार अधिकारी खर्चातून वगळू शकतो.