डावात फेरफार करण्याआधी

कराटेत एका हाताने पंच मारताना दुसरी मूठ कमरेला ओढून घेतात. नवशिक्याला ही ओढ खटकतेच. हवेत मारताना ती मूठ काही करताना दिसत नाही, वर चेहरा उघडा पडतो. मग तो ती हनुवटीपाशी ठेवू लागतो. पण या ओढीचे, म्हणजे हिकितेचे, एक मोठे काम पकडीचे आहे. काताच्या, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या एकट्याने करायच्या साखळीच्या, बऱ्याच जागी त्या मुठीत समोरच्याचे मनगट किंवा बाही आहे असे धरले, की हालचाल उलगडते. जोडीदाराचे मनगट धरून कमरेकडे खेचून पाहा. त्याचा तोल तुमच्याकडे येतो, तो हात त्याला आडवा घालता येत नाही आणि पंचाचे अंतर कमी होते. हातात काही नसेल तेव्हा मात्र मूठ हनुवटीपाशीच हवी. बॉक्सर ती तिथेच ठेवतो.

बिनकामाचा वाटणारा भाग गाळला की काय होते, हे ज्युदोत पाठीवर आपटून कळते. ओसोतो गारी या पाय झाडून मागे पाडण्याच्या डावात उजव्या हाताचा खेळाडू डावा पाय जोडीदाराच्या उजव्या पायाशेजारी टाकतो, डाव्या हाताने त्याची उजवी बाही ओढतो, उजव्या हाताने कॉलर मागे रेटतो आणि त्याचा भार त्याच्या उजव्या टाचेवर आला की उजव्या पायाने तो पाय झाडतो. नवशिके झाडण्यावर जोर देतात आणि बाहीची ओढ गाळतात. वेग वाढल्यासारखा वाटतो खरा, पण भार टाचेवर न आल्याने समोरचा घट्ट उभा राहतो. त्यात तुमचे पाऊल आखूड पडले असेल, तर तुम्हीच मागे कलता आणि तोच डाव तुमच्यावर उलटतो. तोल मोडणे म्हणजे कुझुशी. ती गाळली की उरते ती निव्वळ लाथ.

म्हणून बदल सुचला की आधी प्रशिक्षकाला तीन गोष्टी विचारा: समोरचा नेमके काय करतोय, अंतर किती आहे, आणि हा भाग काढला तर काय बिघडते? मग जोडीदारासोबत अगदी सावकाश करून पाहा. एका वेळी एकच भाग काढा. आधी त्याला अजिबात विरोध करू देऊ नका, नंतर थोडा, मग निम्म्या ताकदीने. आज्ञाधारक जोडीदारावर कोणताही डाव चालतो, त्यावरून काही ठरवू नका.

काही भाग समोरच्यासाठी नसून तुमच्या सांध्यांसाठी असतात. गोल किकमध्ये टेकलेला पाय टाचेकडून वळवला नाही, तर कंबर फिरते पण पाऊल जागीच राहते आणि पीळ गुडघ्यावर येतो. हा भाग काढून प्रयोग करायचा नाही, सावकाशही नाही.

बदल वर्ज्य आहेत असे नाही. कराटेचे शिक्षक इतोसु आन्को यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावातल्या शाळांसाठी पिनान नावाच्या सोप्या काता रचल्या. 1882 मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू करणाऱ्या जिगोरो कानो यांनी प्रहार रांदोरीबाहेर, म्हणजे जोडीदाराशी मोकळ्या झुंजीच्या सरावाबाहेर, ठेवले, कारण सरावात पूर्ण जोर लावता यायला हवा होता. ज्युदोच्या, जोडीने करायच्या कातांमध्ये मात्र ते राहिले. कशासाठी काय सोडतोय, हे त्यांना ठाऊक होते. तुमची उंची कमी असेल, तर ओसोतो गारीत कॉलरची पकड खाली घ्या, हवे तर पाऊल आणखी खोल टाका. टाचेवर भार येतोय ना, एवढे तपासा.