इंग्लिशचा 'ए': या चुका टाळा, सांगून सांगून घसा बसलाय

संध्याकाळची स्पीकिंगची बॅच मी गेली बरीच वर्षं घेतोय, आणि टेन्सपेक्षा जास्त वेळ माझा या पहिल्याच अक्षरावर जातो. बाराखडीच्या सवयीमुळे आपल्याला वाटतं एक अक्षर म्हणजे एक आवाज, आणि तिथंच फसतो.

सगळ्यात जुनं दुखणं म्हणजे "ए, ई, आय, ओ, यू आलं की ॲन". शाळेत कुणीतरी हा शॉर्टकट देतं आणि मग पोरं आयुष्यभर ॲन युनिव्हर्सिटी आणि अ एमबीए लिहीत बसतात. हसू नका, मीही त्यातलाच. क्लास सुरू केला तेव्हा हजार पॅम्प्लेट छापली, पेपरात टाकून वाटायला, वर मोठ्या अक्षरात "रोज फक्त अ अवर". एच आहे ना, मग ॲन कशाला! दोन दिवसांनी कॉलनीतल्या एका रिटायर्ड मास्तरांनी त्यातलं एक आणून दिलं, त्या ए भोवती लाल पेनाने गोल, बाकी एक शब्द बोलले नाहीत. उरलेल्या चारेकशे पॅम्प्लेटवर मी आणि बायकोने रात्री बसून काळ्या पेनाने बारीक एन घुसवला, तो इतका तिरका आला की आधीची चूक बरी दिसत होती.

तेव्हापासून माझी सवय अशी की पुढचा शब्द मनात देवनागरीत लिहायचा. स्वराने सुरू झाला तर ॲन, व्यंजनाने झाला तर अ. अवर, ऑनेस्ट, एफआयआर, एमएलए, एसटी बस, सगळ्यांना ॲन. युनिव्हर्सिटी, युरोपियन, यूपीआय पेमेंट, वन-वे तिकीट, यांना अ. स्पेलिंगकडे बघायचंच नाही. फक्त तुम्ही "येमेले" म्हणत असाल तर ही युक्तीही गंडणार, आधी ते सुधारा.

खरं तर मूळ शब्द ॲनच, जुन्या इंग्लिशमधल्या 'एक' वरून आलेला, व्यंजनापुढे त्यातला न नंतर गळाला. आणि हा सगळा कानाचाच कारभार. क्रिकेटच्या अम्पायरला पूर्वी पुढे न होता, बोलता बोलता लोकांनी तो ॲनला चिकटवला. ॲप्रनचंही तेच.

आणि हो, बोलताना "धिस इज ए पेन" नको. जोर द्यायचा नसेल तर नुसता पुसट अ.

दुसरी माझी लाडकी चूक, फ्यू आणि अ फ्यू. चाकणला नोकरी करणाऱ्या एका पोराने बाहेरच्या साहेबाला मेल टाकला, "देअर आर फ्यू डिफेक्ट्स इन धिस लॉट". त्याला म्हणायचं होतं थोडे डिफेक्ट आहेत, थांबा, साहेबाने वाचलं जवळजवळ नाहीतच, आणि ट्रक गेला. एवढासा ए खाल्ल्यावर अर्थ उलटा होतो. अ लिटल आणि लिटलचंही सेम. मराठीत "तो डॉक्टर आहे" चालतं म्हणून आपण "ही इज डॉक्टर" करतो, आणि जिथं नको तिथं मात्र ॲन ॲडव्हाइस, अ फर्निचर. हे दोन शब्द मोजता येत नाहीत, तिथं अ, ॲन सोडून द्या.

आवाजांचं थोडक्यात. कॅटमध्ये ॲ, केकमध्ये एइ, कारमध्ये आ, बॉलमध्ये ऑ, मेनीमध्ये ए, आणि व्हिलेजमधला ए चक्क इ. डब्ल्यू किंवा क्यूयू नंतर बहुतेकदा ऑ, म्हणून वॉच, वॉश आणि क्वॉलिटी. शॉप फ्लोअरवर "क्वालिटी" चालत असेल, इंटरव्ह्यूत नाही. शेवटी मुका ई आला की प्लॅनचं प्लेन होतं, पण हॅव्ह ऐकत नाही. आपल्याकडे 2009 च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ वर्णमालेतही आले, तरी लोक "ब्याट" म्हणतात, आता काय बोलायचं. मी नवीन माणसाला आधी बनाना म्हणायला लावतो. ब्रिटिश उच्चारात तीन ए मधला फक्त मधला आ, बाकी दोन पुसट अ. तिन्ही सारखे ठणकावून म्हणणारा महिनाभर तरी घाईत असतो, तीस दिवसांत फ्लुएंट वाली रील बघून आलेला.

राहिलं अक्षर. छापील ए ला डोक्यावर आकडा, हाताने लिहिताना साधा गोल. दोन्ही एकच, पहिलीतली पोरं गोंधळतात तर रागावू नका. पण तो गोल वरून नीट बंद करायला लावा, उघडा राहिला की यू दिसतो आणि कॅटचा कट होतो.