उपकारस्तुती आधी, मागणी नंतर : घरची प्रार्थना पाठ झाली असेल तर काय करावं

आपल्याकडे बहुतेक ख्रिस्ती घरांत रोज प्रार्थना होतेच. वसईकडे दिवेलागणीला जपमाळ होते. अहिल्यानगर, पुणे, सोलापूरकडच्या घरांत एखादं गीत, शास्त्रातला उतारा आणि मग कर्त्या माणसाची प्रार्थना. पण कधी नीट कान देऊन ऐका. “हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, आजच्या दिवसाबद्दल, अन्नवस्त्राबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो” हे एका दमात उरकतं आणि मागण्या सुरू होतात : पोराची परीक्षा, आईची शुगर, अडलेली बदली, जुळत नसलेलं लग्न. उपकार एका वाक्यात, मागण्या दहा मिनिटं, आणि तोवर आमटी गार.

मागण्यात गैर काही नाही. प्रभूनेच “आमची रोजची भाकर आज आम्हाला दे” असं मागायला शिकवलं. मात्र विश्वास वाढतो तो देवाने आजवर काय केलं याची आठवण पक्की झाल्यावर, आणि आठवण पक्की होते ती तपशिलाने. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या तपशिलासाठी आहेत.

पहिली पायरी : वेळ ठरवा, छोटी ठरवा

सकाळी चहाच्या आधी किंवा रात्री अंथरुणावर पडायच्या आधी, पंधरा मिनिटं पुरेत. एक साधी शंभर पानी वही आणि पेन हाताशी ठेवा. मोबाईलवर लिहिलं तरी चालतं, पण व्हॉट्सॲपचा एक मेसेज आला की प्रार्थना तिथंच संपते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसरी पायरी : तीन उपकार, नावानिशी

मागणी सुरू करण्याआधी मागच्या चोवीस तासांतले तीन उपकार लिहा. अट एकच : प्रत्येकात माणूस, जागा किंवा वेळ असली पाहिजे. “आरोग्याबद्दल आभार” हे चालणार नाही. “काल दुपारी बाबांनी काठी न घेता अंगणापर्यंत फेरी मारली, त्याबद्दल” हे चालेल. “नोकरीबद्दल” नको, “ऑडिटच्या गडबडीत शेजारच्या टेबलवरच्या बाईंनी माझ्या दोन फायली न सांगता लावून दिल्या” असं लिहा. मग तेच वाक्य देवाला उद्देशून मोठ्याने म्हणा : “प्रभू, त्या बाईंना तू माझ्याजवळ बसवलंस, त्याबद्दल तुझे उपकार मानतो.”

मोठ्याने म्हणण्याचा आग्रह मुद्दाम धरतोय. वहीत लिहून वही मिटली तर ती नुसती नोंद राहते. देणाऱ्याला उद्देशून शब्द गेले की तिची प्रार्थना होते.

आठवडाभर हे सोपं जातं. नंतर तेच तेच उपकार येऊ लागतात आणि कंटाळा येतो. खरी कसरत तिथून सुरू होते, कारण आता दिवसा लक्ष ठेवावं लागतं. रात्री लिहायचं आहे हे डोक्यात असलं की एसटीत जागा देणारा कॉलेजचा पोरगाही नजरेत भरतो. मग रात्री त्याच्यासाठी प्रार्थना करा. त्याचं नाव माहीत असायची गरज नाही.

तिसरी पायरी : 136वं स्तोत्र आपल्या घराचं करा

बायबलमधल्या दाविदाच्या 103व्या स्तोत्रात भक्त स्वतःच्या जिवालाच बजावतो की परमेश्वराचे उपकार विसरू नकोस. 136व्या स्तोत्रात ते कसं करायचं हे दिसतं. सव्वीस ओव्या आणि प्रत्येक ओवीला एकच पालुपद : “त्याची दया सनातन आहे.” आधी आकाश, पृथ्वी, सूर्य, चंद्र, मग मिसर (इजिप्त) देशातून सुटका, तांबडा समुद्र, रानातली वाट, सीहोन आणि ओग हे राजे. शेवटाकडे अगदी साधी गोष्ट येते : सर्व प्राण्यांना तो अन्न देतो. इस्राएल लोकांचा सबंध इतिहास, आणि मधे मधे सगळ्यांचं उत्तर.

शनिवारी रात्री घरातल्या सगळ्यांना बसवून याच चालीवर आपल्या घराचं स्तोत्र करा. एकाने ओळ सांगायची, बाकीच्यांनी पालुपद म्हणायचं. सुरुवात सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडून. बऱ्याच घरांत ती अशी काहीशी निघते :

“बहात्तरच्या दुष्काळात आजोबा खडी फोडायला गेले, मिलोच्या लाल भाकरीवर आणि सुकडीवर पोरं जगली...”
“त्याची दया सनातन आहे.”
“आजी मिशनच्या बोर्डिंगात राहून व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा पास झाली...”
“त्याची दया सनातन आहे.”
“वाटण्यांत जमीन गेली, दोन वर्षं भाऊ भावाशी बोलला नाही, पण थोरल्या काकांच्या मयताला दोघं एकत्र आले...”

इथे हमखास कोणीतरी गप्प होतं. होऊ द्या. स्तोत्रातही गुलामी, रान आणि वैरी राजे गाळलेले नाहीत. “आमच्या दैन्यावस्थेत” देवाने आठवण केली असंच त्यात म्हटलंय. पोरांना हे फार आवडतं, कारण आजोबांनी खडी फोडली होती हे त्यांना बहुधा पहिल्यांदाच कळतं. ओळी लिहून ठेवा आणि दर नाताळच्या आधी त्यात वर्षाची भर घाला.

घरात पेटी आणि झांज असेल तर पालुपदाला चाल लावा. मराठी मंडळ्यांना भजनाची ही गोडी कवी नारायण वामन टिळकांसारख्यांनी लावली. 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांच्या भक्तीचा बाज संतांच्या अभंगांचाच राहिला. तेव्हा चाल भजनी झाली तर संकोच नको.

चौथी पायरी : रात्रीची उजळणी

कॅथलिक संत इग्नाशियस लोयोला (1491–1556) यांनी दिवसाच्या परीक्षणाची पाच टप्प्यांची रीत घालून दिली. येशूसंघाचे (जेझुइट) फादर आजही ती शिकवतात. प्रॉटेस्टंट घरांतल्यांनी बिचकू नये, त्यात न पटण्याजोगं काही नाही. आधी मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार, मग स्वतःचं पाप दिसावं म्हणून कृपा मागणं, मग सकाळपासून आतापर्यंतच्या दिवसाचा तासातासाने हिशेब, मग क्षमा, आणि शेवटी उद्यासाठी निश्चय. क्रम बदलू नका. आभार आधी झालेले असले की स्वतःची चूक बघताना माणूस खचत नाही आणि सबबीही कमी सांगतो.

पाचवी पायरी : परुश्याची प्रार्थना ओळखा

लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात मंदिरात उभा राहून आभार मानणारा एक परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, आहे आणि त्याचीच प्रार्थना फसली. कारण तो म्हणाला, मी या जकातदारासारखा नाही म्हणून तुझे आभार. आपण हे सर्रास करतो. झोपडपट्टीवरून गाडी गेली की “देवा, आम्हाला बरं ठेवलंस”. सरकारी दवाखान्यातून बाहेर पडलो की “आपलं त्यांच्यापेक्षा पुष्कळ बरं”. मुलांनाही तेच शिकवतो : ताटात टाकू नकोस, कित्येकांना एवढंही मिळत नाही. दुसऱ्याच्या दुःखावर उभं असलेलं आभारप्रदर्शन मनाला थोडा वेळ बरं वाटतं, पण त्याने त्या दुसऱ्या माणसाकडे पाठ फिरते. वहीत “त्यांच्यापेक्षा” असा शब्द आला की ती ओळ खोडा आणि त्या माणसासाठी काय करता येईल ते तिथे लिहा.

वाईट दिवसांत

मयत झालेल्या घरी जाऊन “सर्व स्थितीत उपकारस्तुती करा” हे वचन ऐकवणारे लोक प्रत्येक मंडळीत असतात. प्रेषित पौलाने ते थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलं हे खरं; पण आपला मित्र लाजर याच्या कबरेजवळ प्रभू येशू आधी रडला हेही तितकंच खरं. कॅन्सरबद्दल, अपघाताबद्दल आभार माना असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

अशा वेळी 13वं स्तोत्र काढा. सहाच ओव्या. पहिल्या दोनांत “कोठवर?” हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, मधे याचना, आणि स्तुती अगदी शेवटी. तुमची प्रार्थना महिनोन्महिने पहिल्या दोन ओव्यांवरच थांबली तरी ती प्रार्थनाच आहे. हबक्कूक संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायात अंजिराला फूल नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत अशी यादी आधी नीट वाचून दाखवलेली आहे, आणि तरीही परमेश्वराच्या ठायी उल्हास करीन हे त्यानंतर. तुम्हीही आधी यादी वाचा. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल तर प्रार्थनेच्या जोडीला डॉक्टरकडेही जा. त्यात विश्वासाची कमी नाही.

शेवटची पायरी : आभार घराबाहेर न्या

लूकच्या सतराव्या अध्यायातले दहाही कुष्ठरोगी बरे झाले, परत आला एकच, आणि तो शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला. तो नुसता मनात आभार मानून घरी गेला नाही; उलट पावली आला, मोठ्याने बोलला, पाया पडला. म्हणून आठवड्यातून एकदा वहीतलं एक नाव निवडा आणि त्या माणसाला फोन करा किंवा गाठा. मेसेजवरची हात जोडलेली खूण यात धरायची नाही.

मंडळीत याची सोय आहेच. खेड्यांतल्या देवळांत हंगामाच्या सणाला लोक बाजरीच्या पाट्या, भोपळे, अंडी, कधी जिवंत कोंबडी आणतात, उपासनेनंतर लिलाव होतो आणि साधा भोपळा बाजाराच्या कितीतरी पट भावाने जातो. शहरात त्याची जागा उपकारस्तुतीच्या पाकिटाने घेतली आहे. पाळक चिठ्ठ्या वाचतात : वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, मुलगा पास झाला, नवी गाडी घेतली. पुढच्या रविवारी एक पाकीट वेगळं टाकून बघा. चिठ्ठीत लिहा : “नोकरी अजून लागलेली नाही. पण चार महिने सासूबाईंनी एकदाही विचारलं नाही, त्याबद्दल.” पाळक ते वाचताना थोडे अडखळतील, सासूबाई रागावतील किंवा रडतील. पाकिटात दहा रुपये असले तरी चालतात.