सर्व्हर आणि लॅपटॉपच्या प्रोसेसरची तुलना करताना या चुका टाळा

आमच्या कार्यालयात जुन्या बाजारातून घेतलेला एक सर्व्हर आहे. त्यात इंटेलचा झिऑन ई५-२६८० व्ही४ हा २०१६ साली आलेला, १४ कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि २८ थ्रेडचा (एका कोअरवर एकाच वेळी दोन, अशा कामाच्या धाग्यांचा) प्रोसेसर आहे. वर्षभराच्या विक्रीच्या नोंदींचा गोषवारा काढणारी पायथनची एक स्क्रिप्ट माझ्या चार कोअरच्या लॅपटॉपवर सहा मिनिटांत संपत असे. मोठ्या मशीनवर ती चुटकीसरशी होईल, या अपेक्षेने सर्व्हरवर चालवली, तर तिला अकरा मिनिटे लागली. सर्व्हरमध्ये बिघाड आहे, असा निष्कर्ष त्या दुपारी आम्ही एकमताने काढला आणि तो साफ चुकला. एचटॉप हा प्रत्येक थ्रेडवरचा भार पट्टीने दाखवणारा प्रोग्रॅम उघडून पाहिला, तेव्हा पडद्यावरच्या २८ पट्ट्यांपैकी एकच पट्टी काठोकाठ भरलेली होती आणि बाकीच्या जवळजवळ रिकाम्या होत्या.

कोअरची संख्या म्हणजेच वेग, ही यातली सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. बँकेत चाळीस खिडक्या उघडल्या, तरी एका माणसाचे पासबुक भरून मिळायला लागणारा वेळ तेवढाच राहतो. ज्या प्रोग्रॅममध्ये काम वाटून देण्याची सोयच लिहिलेली नाही, तो एका कोअरवरच चालतो, आणि तिथे त्या एकट्या कोअरची ताकद महत्त्वाची ठरते. आमचा झिऑन फार तर ३.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, तर लॅपटॉपमधला कोअर आय७-११६५जी७ थोड्या वेळासाठी ४.७ पर्यंत जातो. शिवाय गिगाहर्ट्झ म्हणजे नुसते घड्याळाचे ठोके. एका ठोक्यात किती काम उरकते, हे प्रोसेसरच्या पिढीवर अवलंबून असते आणि त्यातही लॅपटॉपचा प्रोसेसर पुढच्या पिढीचा आहे. त्यामुळे वेगवेगळ्या पिढ्यांचे गिगाहर्ट्झ शेजारी मांडून निकाल देणे, ही आणखी एक चूक होते.

काम वाटता येत असले, तरी सगळे वाटता येईलच असे नाही. संगणक अभियंते जीन ॲमडाल यांनी १९६७ साली मांडलेला हिशेब आजही तसाच लागू पडतो. कामाचा १० टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर १४ कोअरवर वेग साधारण सहापट होतो, ६४ कोअरवर पावणेनऊपट होतो आणि कितीही कोअर जोडले तरी दहापटीच्या पुढे जात नाही. खरेदीपूर्वी हा हिशेब कागदावर मांडला, तर बऱ्याच महागड्या सर्व्हरची गरज तिथेच संपते.

दुसरी चूक लॅपटॉपच्या बाजूने होते. चाचणी एक मिनिट चालवायची आणि आलेला आकडा कायमचा धरायचा, हे बरोबर नाही. लॅपटॉपचा प्रोसेसर सुरुवातीला ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वीज घेऊन धावतो आणि तापमान चढले, किंवा त्यासाठी दिलेला वेळ संपला, की आपला वेग उतरवतो. वर सांगितलेला आय७ हा १२ ते २८ वॅटच्या वर्गातला आहे, तर आमच्या झिऑनची मर्यादा १२० वॅटची आहे आणि त्याच्यावर मोठे पंखे सतत वारा मारत असतात. म्हणून मोजणी करायचीच, तर पहिल्या मिनिटाचा आणि वीस मिनिटांनंतरचा, असे दोन आकडे वेगवेगळे लिहून ठेवावेत. नागपुरात मे महिन्यात, कूलरशिवायच्या खोलीत, गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपची मोजणी आणि वातानुकूलित खोलीतल्या सर्व्हरची मोजणी यांची तुलना केली, तर ती अर्धीअधिक हवामानाचीच तुलना होते. लॅपटॉप चार्जरला जोडलेला आहे ना, तो बॅटरी वाचवण्याच्या मोडमध्ये तर नाही ना, हेही आधी पाहावे.

मेमरीकडे तर बहुतेक जण पाहतच नाहीत. आमच्या ई५-२६८० व्ही४ झिऑनला मेमरीचे चार चॅनेल (मेमरीशी ये-जा करण्याचे मार्ग) आहेत आणि डीडीआर४-२४०० प्रकारच्या मेमरीच्या पट्ट्यांनी ते चारही भरले, तर सेकंदाला ७६.८ गिगाबाइट इतकी माहिती ये-जा करू शकते. जुन्या बाजारातला सर्व्हर मात्र पुष्कळदा ३२ जीबीची एकच पट्टी लावून दिला जातो, आणि मग तोच आकडा १९.२ वर येतो. लॅपटॉपमध्ये ८ जीबीच्या दोन पट्ट्यांऐवजी १६ जीबीची एकच पट्टी बसवली, तर तिथेही हेच होते. मोठे डेटाबेस आणि आकडेमोडीची कामे इथेच अडतात आणि दोष प्रोसेसरच्या माथी मारला जातो.

क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेले आणि इतरांसोबत वाटून वापरले जाणारे मशीन सर्व्हरच आहे, असे समजून केलेली तुलनाही फसते. इंटेल आणि एएमडीवर चालणाऱ्या बहुतेक क्लाउड मशीनमध्ये एक व्हीसीपीयू (भाड्याने मिळणारा आभासी प्रोसेसर) म्हणजे पूर्ण कोअर नसून एक थ्रेड असतो. ॲमेझॉनच्या टी२ मायक्रोसारख्या लहान मशीनला तासाला सहा क्रेडिट (पूर्ण वेगाने चालण्याची शिल्लक) मिळतात आणि एक क्रेडिट म्हणजे एका व्हीसीपीयूचे पूर्ण क्षमतेचे एक मिनिट. साठलेले क्रेडिट संपले, की वेग १० टक्क्यांवर येतो. सकाळी पळणारे मशीन दुपारी रांगू लागले, तर आधी क्रेडिट पाहावे आणि मग ‘टॉप’ या भार दाखवणाऱ्या लिनक्सच्या आदेशातला ‘एसटी’ हा आकडा पाहावा. आपल्या लाल परीशी त्याचा संबंध नाही. आपल्या वाट्याचा किती वेळ दुसऱ्याच्या मशीनकडे गेला, हे तो सांगतो. तिथलाच ‘डब्ल्यूए’ चा आकडा मोठा असेल, तर काम डिस्कसाठी थांबलेले आहे आणि प्रोसेसर बदलून काहीही फरक पडणार नाही.

बेंचमार्कचे, म्हणजे वेग मोजणाऱ्या ठरावीक चाचण्यांचे गुण वाचताना ते कशाचे आहेत, हे पाहावे. स्पेक सीपीयू २०१७ या चाचणीत ‘स्पीड’ आणि ‘रेट’ असे दोन वेगळे निकाल असतात. पहिला एक काम किती लवकर होते हे सांगतो, तर दुसरा एकाच वेळी अनेक प्रती चालवून एकूण किती काम निघते हे सांगतो. सर्व्हरचा ‘रेट’ आणि लॅपटॉपचा ‘स्पीड’ शेजारी ठेवण्यात काही अर्थ नाही. गीकबेंच ६ या दुसऱ्या बेंचमार्कच्या मल्टी-कोअर चाचणीत सर्व कोअर मिळून एकच काम करतात, त्यामुळे भरपूर कोअरच्या सर्व्हरला तिथे त्याच्या कोअरसंख्येच्या मानाने कमी गुण पडतात. त्यावरून सर्व्हर कमकुवत ठरवू नये.

आमच्या स्क्रिप्टचे पुढे असे झाले, की नोंदींची फाइल महिन्यांप्रमाणे बारा तुकड्यांत कापली, बारा प्रक्रिया एकदम सुरू केल्या आणि शेवटी बेरजा एकत्र केल्या. सर्व्हरवर तेच काम दीड मिनिटात संपले. लॅपटॉपवरही त्याच पद्धतीने चालवून पाहिले, तेव्हा सव्वादोन मिनिटे लागली, आणि लागोपाठ पाचव्या खेपेला तीन मिनिटांच्या वर गेली. सर्व्हरचा आकडा पाचव्या खेपेलाही दीड मिनिटच होता.