कॅथलिक शाळेचा अर्ज आणण्याआधी दाखले शेजारी-शेजारी मांडा

सांगलीत मुलीचा आठवीचा अर्ज भरताना आमचं अडलं ते एवढ्यावरच: जन्मदाखल्यावर आडनावाचं एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तिसरंच. तुम्ही हे दिवाळीच्या सुट्टीतच उरकून घ्या.

१. हे तिन्ही कागद आणि सध्याच्या शाळेतली नोंद अक्षर-अक्षर ताडून बघा. जन्मतारीखसुद्धा.

२. चूक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असेल तर आधी ती. मूल त्या शाळेत आहे तोवर दुरुस्ती सोपी. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की फार पायपीट होते.

३. बाप्तिस्म्याचा दाखला जिथे बाप्तिस्मा झाला त्याच चर्चमधून मिळतो. तो वसईला झाला असेल तर सांगलीच्या फादरांकडे त्याची नोंद नसणार. तारीख, आई-वडिलांची आणि धर्ममातापित्यांची (गॉडपेरेंट्सची) नावं लिहून तिकडे लवकर कळवा, म्हणजे जुनं रजिस्टर शोधणं त्यांना सोपं जातं.

४. फादरांचं पत्र लागणार असेल तर रविवारच्या मिस्सानंतरच्या (चर्चमधल्या प्रार्थनेनंतरच्या) गर्दीत मागू नका. मधल्या वारी, फोन करून जा.

कॅथलिक नसाल तर बाप्तिस्म्याचं आणि फादरांच्या पत्राचं सोडा, बाकीचं तसंच.

एक मात्र जपा: नव्या शाळेत प्रवेश पक्का झाल्याचं लेखी मिळेपर्यंत जुन्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला काढू नका.